उलटी गिरकी

लोक विचारतात, "फिगर स्केटिंग? नागपुरात? बर्फ कुठून आणला बाई?" मी सांगते, नागपुरात बर्फ उसाच्या रसात असतो, तो प्या आणि जरा इकडं ध्यान द्या. आमची पोट्टी सिमेंटवर नाचायची. चार चाकांचे बूट, दोन चाकं पुढं, दोन मागं, टोकाला रबराचा ब्रेक. खाली आमच्या वस्तीच्या मैदानातलं रिंक, ज्याच्यावर मे महिन्यात पापड टाकला तर भाजून निघावा. त्या सिमेंटवर ती एका पायावर अशी गिरकी घ्यायची की बघणाऱ्यालाच चक्कर यावी.

पोट्टी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. आमच्याकडं मुलीला पोट्टी म्हणतात, रागानंही आणि लाडानंही. मी तिची आत्या. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची आजवर कोणाची हिंमत झालेली नाही. भावाच्याच घरात, पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. ब्लाऊज, पिको-फॉल, आणि सोळा वर्षं या पोट्टीचे स्केटिंगचे फ्रॉक.

सुरुवातीला माझा कडक विरोध होता, ते आधीच कबूल करते. सात वर्षांची असताना ती एका कागदावर फ्रॉकचं चित्र काढून माझ्या मशीनपाशी आली. बाह्या नाहीत, घेर वीतभर. मी म्हटलं, "हा फ्रॉक आहे का रुमाल वं?"

ती म्हणाली, "आत्या, लांब घेर चाकात अडकते. मंग पडली समज मी."

मी रागारागात शिवून दिला, आणि या रुमालात ही नेमकं काय करते ते बघायला म्हणून रिंकवर गेले. ती एक पाय मागं वर उचलून, दोन्ही हात पसरून, माझ्यासमोरून सरकत गेली. रिंकवरची पोरं त्याला विमान म्हणतात. गुडघे फुटलेले, नाक वाहतंय, आणि चेहरा मात्र असा की बाईसाहेबांनी अख्खं नागपूर विकत घेतलंय. बापा! माझा विरोध तिथंच वितळला. घरी येऊन भावाला म्हटलं, "पोट्टीले रोज पाठवत जा. नाही पाठवलं तर माझ्याशी गाठ आहे." तो बिचारा आधीपासूनच पाठवत होता.

पुढं ती राज्यात पहिली आली, मग देशात तिसरी. अठराव्या वर्षापासून लहान मुलींना शिकवायला लागली. वस्तीत तिचा इतका लाड की ती पाणीपुरीच्या गाडीवर उभी राहिली तर भैया न विचारता दोन पुऱ्या जास्तीच्या द्यायचा, आणि तीही न लाजता खायची. कोणी म्हणालं, अगं तुझ्या खेळात वजन सांभाळावं लागतं, तर म्हणायची, "वजन नाही, तोल सांभाळावा लागते काकू."

माझं काम होतं मोजायचं. त्याचं असं झालं, की ती पहाटे साडेपाचला एकटी सराव करायची आणि त्या वेळी गाणं लावायची सोय नव्हती. रिंकला लागून एक फ्लॅट स्कीम आहे, तिथले एक रिटायर्ड काका पहिल्याच ठेक्याला गॅलरीत येऊन ओरडायचे. सात वाजेपर्यंत गाणं बंद. मग ताल कसा सांभाळायचा? मी म्हटलं, मी मोजते. मला मोजता येतं. आमच्या वडिलांचा हातमाग होता, करवती काठाच्या साड्या विणायचे. काठाची नक्षी चुकू नये म्हणून ते धोटा फेकता फेकता मोठ्यानं मोजायचे, आणि आम्ही दोघं भावंडं मागाशेजारी बसून ते ऐकत मोठी झालो. एक, दोन, तीन, धर. एक, दोन, तीन, सोड. माग केव्हाच विकला, भाऊ पोस्टात लागला, मी मशीनवर बसले, पण मोजणं अंगात राहिलं. तर रोज पहाटे मी शाल गुंडाळून रिंकच्या पायरीवर बसायची, ती माझ्याकडं तोंड करून उभी राहायची, आणि मी सुरू करायची. एक, दोन, तीन, धर.

त्या वर्षी श्रावणात तिनं एक नवा नाच बसवायला घेतला. चार मुलींचा. अकरा ते चौदा वर्षांच्या तिच्या चार शिष्या होत्या, त्यांना राज्यस्पर्धेत उतरवायचं होतं, आणि स्पर्धा यंदा नागपुरातच होती. पण मुलींना शिकवण्याआधी सगळा नाच आपल्या पायात उतरला पाहिजे हा तिचा हट्ट. म्हणून ती आधी एकीचा भाग करायची, मग दुसरीचा, मग तिसरीचा, मग चौथीचा. एकटी पोट्टी चौघींचं नाचायची आणि मी मोजायची. साडेतीन मिनिटांचा नाच मी त्या महिनाभरात चार-चार वेळा रोज बघितला. शेवटच्या दिवशी ती हाशहुश करत माझ्याजवळ येऊन बसली, माझ्याच शालीला घाम पुसला आणि म्हणाली, "आत्या, झाला. आजवरचा सगळ्यात भारी. गणपती उठले की पोरींले शिकवतो."

गणपती बसल्यावर तिसऱ्या दिवशी ताप आला. डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं, रक्त द्यायला अर्धी वस्ती रांगेत उभी होती. गणपती उठायच्या आधी तीच उठून गेली. तेवीस वर्षांची होती.

मी त्या दिवसांबद्दल फार लिहिणार नाही. मला जमत नाही, आणि ती पोट्टी तेवढ्यासाठी लक्षात राहावी अशी नव्हती. एकच सांगते. भेटायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात. मी म्हटलं, "मंग तुमच्या घरी कोणी चांगलं नाही का? त्याले सांगायचं होतं, तिकडं जा म्हणाव." त्या चहा न घेता गेल्या. वहिनीनं, म्हणजे पोट्टीच्या आईनं, माझा हात धरला, मला वाटलं आता रागावते. ती म्हणाली, "बरं बोलल्या ताई."

तेरवी झाली आणि चार दिवसांनी रिंकचे सर घरी आले. यांनीच तिला पहिल्यांदा चाकांवर उभं केलं होतं. ते म्हणाले, चार मुलींचं नाव स्पर्धेत दिलेलं आहे, ते मागं घेतो. भाऊ मान खाली घालून म्हणाला, "घ्या."

मी मशीन थांबवली. "काहून घेता?"

सर म्हणाले, "ताई, नाच कोणाले माहीत आहे? मुलींना एक पाऊल शिकवलं नव्हतं. मीही बघितला नाही, मी येतो साडेसहाला. ती आपल्यासोबत घेऊन गेली तो."

"नाही गेली," मी म्हटलं. "मले माहीत आहे."

भावानं पहिल्यांदा वर बघितलं. "तुले? तू जन्मात चाकावर उभी नाही राहिली ताई."

"मी उभी नाही राहिली, पण मोजला कोणी? मी मोजला. चारही पोरींचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. काय समजला?"

बोलून तर गेले, आणि मग धडकी भरली. कारण मी अठ्ठावन्न वर्षांची बाई. इतवारीच्या बाजारात हूक आणायला जाते आणि चेन घेऊन येते. हा नाच जगात फक्त एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण म्हणजे माझं हे भुसकट डोकं! व्हिडिओ असेल तर तिच्या फोनमध्ये, आणि तो फोन भावानं दवाखान्यातून आणला तेव्हापासून कपाटात होता. त्याबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं. मला काही झालं, किंवा नुसती मी विसरले, तरी पोट्टीनं केलेलं सगळ्यात भारी काम कोणी न बघताच संपणार होतं. मी रोज संध्याकाळी दिवा लावला की मशीनपाशी बसून बोटांवर पूर्ण नाच मोजायला लागले. एकदा तिसऱ्या गिरकीनंतरचं काही केल्या आठवेना. दोन दिवस! दोन दिवस मी पातळ भातावर काढले. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाईकाच्या ब्लाऊजचं माप घेताना अचानक आठवलं, आणि मी त्या बाईला हात धरून गोल फिरवलं. ती अजून माझ्याकडंच शिवते, हे तिचं मोठेपण.

तर मी कॅनव्हासचे बूट घातले, साडी वर खोचली आणि रिंकवर उतरले. चारही पोरी माझ्या मागं उभ्या. त्यातली एक चष्मेवाली, तोंडाची भारी फटकळ, तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "आत्या, तुम्ही चालत शिकवणार?"

"हौ. तुम्ही चाकावर करा. मी पायानं करतो. पावलं तर तीच आहेत ना?"

मी डावा हात वर केला, त्यांनी डावा हात वर केला. मी उजवीकडं चार पावलं गेले, त्या उजवीकडं सरकल्या. गाणं ठरलेलं होतंच, सर सात वाजल्यानंतर लावायचे. त्याआधी मी मोजायची. पुढचे दोन महिने मी ब्लाऊज उशिरा दिले, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि रोज सकाळी चार पोरींवर ओरडले. पाय रिंकच्या काठावर टाकू नका! मान वर! हा नाच आहे का मटकी निवडून राहिल्या? सर चाकांचं, तोलाचं बघायचे. मी क्रमाचं बघायची. एक पाऊल इकडचं तिकडं होऊ दिलं नाही.

पण गिरकीला गाडी अडली. आमच्या पोट्टीच्या नाचात तीन गिरक्या होत्या, चौघींनी एकदम घ्यायच्या. आणि पोरी म्हणायच्या की ही गिरकी बाजू बदलून येते. त्यांना सवय एका बाजूनं फिरायची, नाच त्यांना नेऊन टाकायचा दुसऱ्या बाजूनं. जेवणारा माणूस डाव्या हातानं जेवायला बसावा तसं. चौघी धपाधप पडायच्या. त्यातली उंच पोरगी रडायची. सरांनी मला हळूच विचारलं, "ताई, तिनं खरंच अशीच बसवली होती? स्वतः तर ती दुसऱ्या बाजूनं फिरायची."

मी भडकले. "मी डोळ्यानं बघितलं आहे सर. चार-चार वेळा रोज."

सर म्हणाले, "असेल. तिले अवघड करायची खोडच होती." आणि त्यांनी पोरींना उलट्या बाजूची गिरकी पहिल्यापासून शिकवायला घेतली. ढोपरं सोलली, पँटी फाटल्या, मी शिवल्या. दीड महिना लागला. पण एका सकाळी, चांगलं धुकं पडलं होतं, मी मोजत होते आणि चौघी एकदम फिरल्या. एकदम थांबल्या. कोणी पडलं नाही. चष्मेवाली स्वतःच किंचाळली, "आली! आली ना आत्या!" गॅलरीतले काका बाहेर आले, मला वाटलं आता ओरडतात. ते बघतच राहिले आणि आत गेले.

स्पर्धेला आठ दिवस राहिले तेव्हा भाऊ रिंकवर आला. ती गेल्यापासून त्यानं त्या रस्त्यानं जाणंच सोडलं होतं. पोस्टात जायलाही लांबून वळसा घालायचा. त्या दिवशी मी शाल घरी विसरले आणि वहिनीनं मुद्दाम त्यालाच शाल देऊन पाठवलं. तो पायरीवर, माझ्या जागेवर, बसला. पोरींनी सगळा नाच केला. मी मोठ्या तोऱ्यात त्याच्याकडं वळले, की बघ, आणला की नाही परत!

तो पांढरा पडला होता. म्हणाला, "ताई, हे उलटं करून राहिल्या ना ह्या."

"काय उलटं?"

त्यानं खिशातून फोन काढला. तिचा फोन. उघडायची खूण त्याला पहिल्यापासून माहीत होती. माणसाला हिंमत नव्हती एवढंच. आदल्याच आठवड्यात त्यानं एकदा उघडला होता, आणि तेव्हापासून पोस्टात जेवणाच्या सुट्टीत तो एकच व्हिडिओ बघत होता. तिनं फोन पायरीवर, माझ्याच बाजूला टेकवून घेतलेला. व्हिडिओत पोट्टी एकीचा भाग करत होती, आणि माझा मोजायचा आवाज होता. तिनं उजवा हात वर केला. ती तिच्या डावीकडं सरकली. गिरकी तिनं तिच्या नेहमीच्या बाजूनं घेतली.

मला समजायला एक मिनिट लागलं. ती माझ्याकडं तोंड करून नाचायची. तिचा उजवा हात माझ्या डाव्या हाताच्या समोर. मी महिनाभर समोरून बघितलं, तसंच्या तसं डोक्यात बसवलं, आणि पाठ फिरवून पोरींना दिलं. सगळा नाच, पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत, आरशातला. आयुष्यभर मी बायकांची मापं समोर उभी राहून घेतली. डावा खांदा कुठला, उजवा कुठला, यात कधी चुकले नाही. आणि इथं चुकले! चार लेकरांना दोन महिने विनाकारण सिमेंटवर आपटलं! मी तिथंच खाली बसले. मी म्हटलं, "भैताड आहे मी. म्हातारी भैताड. नाव मागं घ्या सर. पोट्टीचा नाच मी नासवला."

मग मी म्हटलं, नाहीतर आठ दिवसांत सरळ करा. पोरींनी लगेच करून बघितलं. सरळ केलं तर चौघी एकमेकींवर आदळल्या. दुसऱ्यांदा परत आदळल्या. सर्वांत लहान पोरीचा ओठ फुटला. चष्मेवालीनं चष्मा पुसला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आत्या, आम्ही दोन महिने पडलो त्या गिरकीसाठी. आता आम्हाले सरळ येत नाही. आणि मले तर करायचीच नाही सरळ."

"पण ते तिचं नाही ना वं!" मी ओरडले, आणि रडले. ती गेल्यापासून मी लोकांसमोर रडले नव्हते.

भाऊ उठला. हा माणूस तीन महिने धड चार वाक्यं बोलला नव्हता. त्यानं फोन पायरीवर टेकवला, व्हिडिओ पहिल्यापासून लावला आणि पोरींना म्हणाला, "करा. माझ्याकडं नका बघू. तिच्याकडं बघून करा."

फोनमधून माझाच आवाज आला, एक, दोन, तीन, धर. पोरी फोनकडं तोंड करून निघाल्या. पोट्टीनं उजवा हात उचलला, समोर पोरींनी डावा उचलला. ती ज्या पोरीचा भाग करत होती, ती पोरगी बरोबर तिच्या समोरून तिकडंच गेली. ती वळली, या वळल्या. कुठं म्हणून फट नाही. गिरकीला ती छोट्या पडद्यात फिरली, आणि समोर या चौघी.

"बघ," भाऊ म्हणाला. "ती तिकडून, ह्या इकडून. समोरासमोर आहेत ताई. उलटं कुठं आहे?"

सर्वांत लहान पोरगी फोनमधल्या पोट्टीकडं बोट करून फुटक्या ओठानं म्हणाली, "मग ताई आमच्या समोर राहील ना? मग तर मी पडतच नाही."

मी डोळे पुसले. म्हटलं, "ठीक आहे. पण मान वर ठेवा. मान अजून पण खालीच आहे तुमची."

स्पर्धेसाठी मी मोरपंखी कापडाचे चार फ्रॉक शिवले. रंग पोट्टीनंच श्रावणात सांगून ठेवला होता. बाह्यांवरून आमचं भांडण राहून गेलं होतं; तिला बाह्या नको होत्या, मला हव्या होत्या. मी बाह्या लावल्या नाहीत. हरल्याचं मला काही वाईट वाटलं नाही, पण त्यावर "हरली ना आत्या!" असं चिडवायला समोर कोणी नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

त्या दिवशी हॉलमध्ये आमची अर्धी वस्ती होती. पाणीपुरीचा भैया धंदा बंद ठेवून आला. वहिनी पहिल्या रांगेत, भाऊ तिच्याशेजारी. मी पोरींच्या रिबिनी बांधत होते तेव्हा माझीच गाठ दोनदा सुटली, पोरी मात्र निवांत उभ्या होत्या. मोठ्या शहरांतल्या मुली आल्या होत्या, भारी बूट, भारी मेकअप, प्रत्येकीबरोबर एक माणूस फोन धरून. चष्मेवाली त्यांच्याकडं बघून म्हणाली, "दिसाले तर छान आहेत." मी म्हटलं, "तू गप. स्वतःचं नाक पूस."

मग नाव पुकारलं, गाणं लागलं, आणि पोरी निघाल्या.

मला वाटलं होतं मी मोजत राहीन. दहापर्यंत मोजलं आणि मी विसरूनच गेले. मी नुसती बघत होते. हा नाच मी शंभरदा बघितला होता, पण एका पोट्टीला एकेक भाग करताना. चौघींचा एकत्र, उजेडात, रंगात, तो कसा दिसतो हे सरावात बघूनही मला कळलं नव्हतं. दोघी दोघींच्या मधून निघतात तिथं समोरच्या रांगेतून "अरे!" असा आवाज आला. मग पहिली गिरकी. चौघी उलट्या बाजूनं फिरल्या. ज्यांना खेळ कळतो ते लोक खुर्चीत पुढं सरकले, कारण सकाळपासून तिथं सगळ्याच जणी दुसऱ्या बाजूनं फिरत होत्या. दुसरी गिरकी. तिसरी गिरकी, सगळ्यांत लांब, आणि सर्वांत लहान पोरगी मधोमध, भोवऱ्यासारखी, मान वर! मान वर ठेवली होती लेकरानं! मी खुर्चीवर उभी राहिले. मागचे म्हणाले, ओ मावशी, खाली बसा. मी म्हटलं, "तुम्ही उभे राहा!"

आणि राहिले की. नाच संपला तेव्हा सगळा हॉल उभा होता.

पहिला नंबर. दुसऱ्यांच्यात आणि आमच्यात फरक चांगला होता. वस्तीतल्या पोरांनी आत ढोल आणायला परवानगी नव्हती म्हणून बाकडी बडवली. परीक्षक बाईंनी पोरींना जवळ बोलावलं, मग मला. त्या म्हणाल्या, चारही मुलींकडून उलट्या बाजूची गिरकी इतकी साफ मी बघितली नाही. ही कल्पना कोणाची?

मी म्हटलं, "चूक माझी आहे मॅडम. नाच तिचा आहे." आणि पोट्टीचं नाव सांगितलं. त्या बाईंनी तिला देशात तिसरी येताना बघितलं होतं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, आणि मग पोरींकडं वळून म्हणाल्या, "तिलाच पदक मिळालं समजा." चष्मेवाली लगेच म्हणाली, "हौ, पण ठेवू आम्ही." हॉलभर हशा झाला. भाऊही हसला. त्याच्या हसण्याचा आवाज मी विसरले होते.

हे सगळं झालं त्याला आता काही महिने झाले. गेल्या रविवारी मी संध्याकाळी दिवा लावला, मशीनपाशी बसले आणि सवयीनं बोटांवर नाच मोजायला घेतला. किती दिवस घेतलाच नव्हता. पहिली गिरकी आली, दुसरी आली, तिसरी आली, आणि पुढचं गेलं. पूर्ण गेलं. मी घाबरून डोकं धरून बसले. सकाळी उठल्याबरोबर चहासुद्धा न घेता रिंकवर पळाले.

चौघींपैकी कोणी आलं नव्हतं, त्यांची परीक्षा चालू होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर नव्यानं यायला लागलेली सहा-सात वर्षांची एक पोरगी तेवढी पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. मी आपलं स्वतःशीच बडबडले, "तिसऱ्या गिरकीनंतर काय होतं गं देवा?"

ती उठली. रिंकवर गेली, एक छोटी, वाकडीतिकडी गिरकी घेतली, उलट्या बाजूनं, थांबली, डावा हात छातीशी आणून हळूच पुढं पसरला, आणि एक पाय मागं उचलून सरकत गेली. तसंच होतं. अगदी तसंच.

"तुले कोणी शिकवलं वं?"

"सगळ्यांले येते," ती म्हणाली. "तुम्हाले नाही येत?"

या पोरीनं आमच्या पोट्टीला कधी बघितलं नव्हतं. तिचं नावसुद्धा तिला ठाऊक असेल की नाही कोण जाणे. मी पायरीवर बसले आणि मोठ्यानं हसत सुटले, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि मी हसतेय, आणि ती भैताडासारखी माझ्याकडं बघतेय. मी म्हटलं, "नाही येत गं बाई. विसरली मी. तू दाखव अजून एकदा."